यासीनने लिहिलेली पानं

यासीन गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या मुलीने केला, तेव्हा मी सांगलीत आमच्या वर्कशॉपचं शटर उघडत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळची नमाज पढून आला, अंगणातल्या बाजेवर टेकला आणि... कुंडलला पोचेपर्यंत मला ते खरं वाटत नव्हतं. परवा त्याचा चाळिसावा झाला.

मी कोरेगावचा, तो कुंडलचा. आयटीआयला आम्ही लोखंड कातायच्या एकाच लेथवर शिकलो आणि पुढे भागीदारीत शेतीपंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, करू लागलो. बाहेरचा व्यवहार माझा, मशिनवरचं काम त्याचं. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. मग आमच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने कळवलं, की यापुढे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र असेल त्याच्याकडूनच माल घेऊ. मी यासीनला न विचारताच पुण्याचा एक सल्लागार ठरवून टाकला. यासीन म्हणाला, "आरं गड्या, काम आपलं हाय. आपणच लिवून काढू की. अडलं तर बोलवू त्यास्नी." मला तेवढा धीर नव्हता. सल्लागार हुशार होता, बोलायला नम्र होता. त्याने इंग्रजीत जाडजूड फाइल करून दिली, प्रमाणपत्र मिळालं, ते मी फ्रेम करून लावलं. फाइल मात्र कपाटातच राहिली. दर तासाला माप घेऊन सही करायची, असा तक्ता होता; माणसं संध्याकाळी एकदमच सगळ्या सह्या ठोकायची. एक दिवस शाफ्टचा अख्खा लॉट परत आला. बेअरिंगची जागा बारीक झाली होती, आणि तक्त्यावर सगळं बरोबर होतं. "मी सांगत हुतो," यासीन म्हणाला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तुला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तुला ती फाइल नको होती." मशिनं बंद होती, त्यामुळे शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं. त्याने हात पुसले, मोटरसायकल काढली आणि निघून गेला.

तो परत येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, कपाटातली फाइल काढून माझ्या टेबलावर ठेवली. "व्हय, मला वाचाय येत न्हाई. तू वाच, मराठीत सांग." पुढचे चार महिने जेवणानंतर मी वाचत गेलो, तो ऐकत गेला. मध्येच उठून ड्रिलिंगवरच्या मंगलताईंना विचारून यायचा, "तुमी खरं कसं करता, त्ये सांगा." मग कागदावर गोल अक्षरात लिहायचा आणि ते पान त्या त्या मशिनजवळ लावायचा. एकदा मी सल्लागाराला नावं ठेवू लागलो, तर म्हणाला, "त्यो वाईट न्हवता रं. त्यानं इचारलं न्हाई, आन आपण सांगितलं न्हाई." शेवटी दोन पानांवर अडलं, तेव्हा यासीननेच त्याला बोलवायला लावलं. दोन दिवस दोघं लेथजवळ स्टूल टाकून बोलत बसले होते. त्यानंतर माल कधी बिघडलाच नाही असं नाही, पण चूक कुठे झाली ते त्याच दिवशी कळू लागलं. मी त्याच्यासमोर रोज बसत होतो... माफी मात्र मागितली नाही. तो विसरला असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

गेल्या आठवड्यात एक लेथ बदलला. मशिन बदललं की जुनं पान काढून नवं लावायचं, हा आमचा नियम. पान काढताना पहिल्यांदाच मी तळाच्या ओळी नीट वाचल्या. 'लिहिणारा' यापुढे त्याने माझं नाव घातलं होतं, 'तपासणारा' यापुढे स्वतःचं. सगळ्या पानांवर तसंच. मंगलताई म्हणाल्या, "मी इचारलं हुतं त्यास्नी. म्हणाले, वाचून त्यानं दावलं, मी निस्तं लिवून घेतलं."

नवं पान मी लिहिलं. मंगलताईंनी दोन चुका काढल्या आणि सही केली. बाकीच्या सहा मशिनांवर यासीनची पानं अजून आहेत. त्यातली तीन मशिनं जुनी झाली आहेत, बदलायला हवीत... मी टाळतो आहे.