न कापलेला पेपर

करीमभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात पाढे म्हणवून घेत होतो. महिना झाला त्याला. आता दुपारी पेपर आला की तसाच ठेवून देतो... वाचून दाखवायचं कोणाला?

मंगरूळपीरच्या या शिंप्याला अक्षरओळख नव्हती, पण जगाची उठाठेव भारी. मी वाचायला लागलो की मशीन थांबायचं. वाचून झालं की त्याच पेपरावर सदऱ्याचं माप आखून कात्री चालवायचे. "विलायतेच्या राजाची बाही केली पाहा, मास्तर," असं वर चिडवायचे.

इंग्रज-जर्मनांची लढाई सुरू झाली आणि त्यांचा एकुलता युसूफ, माझाच विद्यार्थी, पलटणीत जायला हटून बसला. लढणाऱ्या देशांना हत्यारं विकायची नाहीत, असा अमेरिकेत कायदा होता. ती बंदी उठवायचा नवा कायदा तिथल्या सभागृहात अडकलेला; तो झाला तरच इंग्रजांना तिथून बंदुका मिळणार होत्या. इथल्या रंगरुटांना लाकडी बंदुकीवर कवायत शिकवतात, हे करीमभाईंनी बाजारात ऐकलं होतं. "कायदा पास होऊ द्या, मंग धाडतो. रिकाम्या हातानं कायले मरू देऊ त्याले?" रोज तेच. तिकडे 'अब्बांना पटवा' म्हणून युसूफ माझ्यामागे लागलेला. एका दुपारी मी कंटाळलो. आज ना उद्या पास होणारच, असं मनाशी म्हटलं आणि पेपरात नव्हतं ते वाचलं, "बंदी उठली, कायदा मंजूर."

त्याच आठवड्यात युसूफ गेला. कायदा पुढे खरंच मंजूर झाला, पण युसूफच्या पत्रात लाकडी बंदूकच होती. मग त्याला समुद्रापार नेल्याचं कळलं, मग तार आली. खरी बंदूक त्याला कधी मिळाली का, ते कोणीच लिहिलं नाही.

तरीही करीमभाई मला रोज बोलवत राहिले. फक्त प्रत्येक बातमीनंतर विचारायचे, "असंच लिवलं हाये ना, मास्तर?" पोराच्या दुःखानं डोकं थाऱ्यावर नाही, असं मला वाटायचं.

परवा करीमभाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोनं, भाभींनी, मशीनच्या खणातून एक घडी काढून माझ्या हातात दिली. तोच पेपर, अख्खा, कात्री न लागलेला. पहिल्याच पानावर छापलेलं, 'बंदीवर वाद सुरूच, निर्णय नाही.' मला तोंड वर करवेना...

"हा त्यायनं कोनाले कापू देला नाही," भाभी म्हणाल्या. "तार आली त्या दिवशी पोष्टमनकडून वाचून घेतला होता."

तार येऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं ते रोज विचारत होते आणि मी रोज 'हो' म्हणत होतो.