सिरिलच्या कॉलरचा चिमटा

म्युरिएल आंटी रोज सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत डब्यातून एक चिमटा काढायची. कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा, पण त्यावर काळ्या शाईने एक इंग्रजी उपसर्ग लिहिलेला. तो ती नवऱ्याच्या कॉलरला लावायची आणि विचारायची, "बोल सिरिल, याचा अर्थ काय? आणि हा आला कुठून?" उत्तर येईपर्यंत टोस्ट मिळायचा नाही.

इंग्लंडातल्या क्लिदरोमध्ये त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. आंटीने जन्मभर मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवलं आणि निवृत्तीनंतर दर गुरुवारी सकाळी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये शब्दांचा वर्ग चालवला. चिमटे त्या वर्गासाठीच केलेले. पुठ्ठ्यावर शब्द लिहायचा आणि त्याच्या सुरुवातीला चिमटा लावायचा. सिरिल बसचालक होता. शाळा त्याने लवकर सोडली होती, पण चिमट्यांत तो पटाईत झाला होता.

"'अन' आपला, अस्सल इंग्रजी," तो माझ्या आईला, जूनला, कुंपणावरून सांगायचा. "शेतकऱ्यांबरोबर होडीतून आलेला. 'री' लॅटिन, तो फ्रेंच सरदारांनी आणला. 'अँटी' ग्रीक, पुस्तकी मंडळींचा. गाठी सोडायच्या त्या आपण, जून. 'अनटाय.' आणि सरदारांनी काय करायचं? विचार तिला."

"'रिपोज'," आंटी आतून म्हणायची. "म्हणजे आराम."

"बघ! तरीच."

त्या गुरुवारी चिमटा 'सब'चा होता. सोपा, 'सबमरीन' म्हणजे पाणबुडीतला, 'सबवे' म्हणजे रस्त्याखालच्या वाटेतला. सिरिल इतकी वर्षं न चुकता 'खाली' म्हणत आला होता. त्या दिवशी म्हणाला, "बूट."

आंटी हसली. "नाटकं पुरे. खाली काय असतं? पाणबुडी आठव."

"बूट," तो पुन्हा म्हणाला. चमचा त्याने डाव्या हातात धरला होता आणि मार्मालेड टेबलावर सांडत होतं. आंटीने ते पुसलं, उशीर होतोय म्हणून कोट चढवला. तो खुर्ची धरत धरत दारापर्यंत आला, काहीतरी सांगू लागला. शब्द एकमेकांत गुंतले होते.

"आधी शब्द नीट उच्चार, मग ऐकते," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी वर्गात तिने 'फॉर' शिकवला. जुना, आपल्याच मातीतला, पण मेलेला उपसर्ग. विसरण्याच्या आणि क्षमा करण्याच्या, 'फर्गेट' आणि 'फर्गिव्ह' या शब्दांत अडकून राहिलेला. त्याने नवा शब्द आता कुणी घडवत नाही. ती हे शिकवत असताना आई उसनी आणलेली थाळी परत द्यायला त्यांच्याकडे गेली. सिरिल स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. चिमटा अजून कॉलरला होता.

उजवा हात गेला आणि शब्द गेले. लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या सकाळची हकीकत आंटीने फक्त आईला सांगितली. गल्लीला तिची सेवा तेवढी दिसत होती. "किती करते बिचारी," असं कुणी म्हटलं की ती मान फिरवून दुसरंच काही बोलायची.

आणि ती करतही होती. सकाळ-संध्याकाळ टेबलावर पुठ्ठे मांडायचे, एकेक चिमटा लावायचा. "हा काय? पुन्हा म्हण. जीभ वर." सिरिलच्या कपाळावर घाम यायचा. 'फॉर'चा चिमटा मात्र ती डब्याच्या तळाशीच ठेवायची.

"जरा दम घेऊ दे त्याला," आई एकदा म्हणाली.

"दम घ्यायला मी त्याला अख्खी सकाळ दिली होती, जून."

पुढे एप्रिलमधल्या एका सोमवारी आंटी खाली आली तर डबा रिकामा होता. मागच्या अंगणात सिरिल दोरीजवळ उभा होता. एका डाव्या हाताने त्याने धुणं वाळत घातलं होतं. मोजे, बनियन, तिचा गाऊन. सगळे चिमटे कामाला लावलेले. वर भुरभुर पाऊस चालू होता आणि शाईचे ओघळ बनियनवर उतरत होते. आई कुंपणापलीकडे स्वतःचं धुणं काढत होती.

आंटी पावसात तशीच उभी राहिली. "सिरिल," ती म्हणाली, "त्या दिवशी मी हसले. तू दारापर्यंत सांगत आलास आणि मी ऐकलं नाही."

 सिरिलने दोरीवरचा एक चिमटा काढून तिच्या कॉलरला लावला.

"टोस्ट," तो म्हणाला.

"त्याला समजलं, की नुसती भूक लागली होती?" असं ती आईला पुढे कितीदा तरी विचारायची. आई म्हणायची, समजलं गं. आंटीचा विश्वास बसायचा नाही. पण पुठ्ठे तिने माळ्यावर टाकले. सिरिलचा शब्द चुकला तर आता ती ओठ दाबायची, सुधारायची नाही. ते तिला किती जड जातंय, हे दिसायचं.

दोन हिवाळ्यांनंतर आंटी झोपेतच गेली. आदल्या दुपारी आई सूप घेऊन गेली होती. सिरिल डाव्या हाताने चहा ओतत होता. दुधाचं भांडं उचलून त्याने बायकोकडे पाहिलं.

"बूट?"

"हो," आंटी म्हणाली, "घाल थोडा. पण जूनला विचार आधी, तिला बूट कमी लागतो."