प्लगइन मेलं तरी हॉस्पिटल चालू

“मॅडम, स्क्रीन परत गेली! इथे कॅज्युअल्टीत पेशंट तापाने फणफणलाय.”

फोनवर सिस्टर थॉमस होत्या. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर तेव्हा मी सांभाळत होते. सकाळची ओपीडी भरलेली होती.

“रिटायर्ड फिटर आहेत. धड शुद्धीवर नाहीत. कसली तरी ॲलर्जी आहे म्हणे, पण बायकोला औषधाचं नाव आठवत नाही. डॉक्टर इंजेक्शन भरून थांबलेत.”

“थांबा म्हणावं. रीस्टार्ट करतेय.”

सर्व्हिस वर यायला नेहमीइतकाच वेळ लागला. त्या दिवशी तो संपेना. फोन कानालाच होता. पलीकडे कुणीतरी बाई रडत होती.

“आलं,” सिस्टर म्हणाल्या. मग केसपेपर वाचून, “मॅडम, ॲलर्जी याच इंजेक्शनची आहे.”

डॉक्टरांनी औषध बदललं.

स्क्रीन का जायची, तेही सांगते. लॅबमध्ये रक्त तपासायचं एक मशीन होतं. त्याचे रिपोर्ट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यावेत म्हणून मशीनच्या कंपनीने एक छोटा प्रोग्रॅम दिला होता. त्याला प्लगइन म्हणतात. तो आमच्या मुख्य प्रोग्रॅमच्या आत, त्याच प्रोसेसमध्ये चालायचा. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम आणि त्याला मिळालेली मेमरी. रक्ताच्या नळीवरचा बारकोड पुसट असला की प्लगइन गोंधळायचं, भलत्याच मेमरीत हात घालायचं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम अख्खी प्रोसेस बंद करायची. लॅब, फार्मसी, केसपेपर, सगळं एकदम आडवं.

कंपनीचा इंजिनिअर गौरव दर वेळी तेच सांगायचा, “मैडम, हमारे यहाँ तो बढ़िया चल रहा है.”

“तुमच्याकडे पुसट बारकोड येतात?”

“नहीं. साफ़ वाले भेजा कीजिए.”

प्लगइनचा सोर्स कोड ते देत नव्हते, म्हणजे आतली चूक मला दुरुस्त करता येणार नव्हती. मी आमचे मॅनेजर खापर्डे साहेब यांच्याकडे गेले. मूळचे नागपूरचे, नोकरी सगळी भोपाळात.

“साहेब, हे प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये काढू या. मेलं तर एकटं मरेल.”

“टेंडरमध्ये सर्व्हर एकच आहे.”

“सर्व्हर एकच राहील. प्रोसेस वेगळी.”

“म्हणजे लायसन्स वेगळं?”

“नाही, साहेब.”

“मग ऑडिटला काय सांगू? रीस्टार्ट केल्यावर चालून राहिलं ना? मग कशाला हात लावता?”

कॅज्युअल्टीतला प्रसंग मी त्यांना पुन्हा सांगितला. ते म्हणाले, “पण पेशंट वाचला ना!” मी दार जरा जोरातच लावून बाहेर आले.

मग टेस्ट सर्व्हरवर मी ते करून टाकलं. प्लगइन स्वतंत्र प्रोसेसमध्ये, मुख्य प्रोग्रॅमशी बोलणं फक्त निरोपांतून. उत्तर वेळेत आलं नाही तर ‘रिपोर्ट बाकी’ दाखवायचं आणि पुढे जायचं. बंद पडलेलं प्लगइन पुन्हा सुरू करायला एक छोटा राखणदार प्रोग्रॅम.

खापर्डे साहेबांना ओढून आणलं आणि मुद्दाम पुसट बारकोडची नळी लावली. प्लगइन मेलं. शेजारच्या स्क्रीनवर केसपेपर उघडाच. जरा वेळाने प्लगइनही परत आलं.

“पुन्हा करा,” साहेब म्हणाले.

पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः केलं. दोनदा.

“आधी का नाही सांगितलं?” त्यांनी विचारलं. मी पाणी प्यायले.

महिनाभरात हॉस्पिटलमधली सगळी प्लगइन्स तशी वेगळी काढली. ते रक्ताचं प्लगइन पूर्वीइतकंच मरत राहिलं. फक्त लॅबवाल्यांना रिपोर्टसाठी थोडं थांबावं लागे, आणि सिस्टर थॉमस यांचे फोन बंद झाले.

मग एक दिवस गौरव पेढे घेऊन आला. सेवा समाधानकारक असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं.

“देखिए मैडम, अब एक भी कम्प्लेंट नहीं.”

खापर्डे साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पेन सरकवलं. मी पेन तसंच परत सरकवलं. सही शेवटी त्यांनीच केली.

दुसऱ्याचा कोड सुधारणं आपल्या हातात नसतं. तो कुठे मरेल, एवढं मात्र ठरवता येतं.