बारा ओले कीबोर्ड

त्याला सगळे खटपट्या म्हणायचे, आणि त्याला ते नाव आवडायचं. बावीस वर्षं त्यानं टाइपरायटर दुरुस्त केले. वाकलेली कांडी असो की सुकलेली फीत, नुसता हात फिरवला तरी यंत्राचं कुठं दुखतंय ते त्याला कळायचं. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा प्रशिक्षण केंद्रानं त्याला संगणकाच्या खोलीवर बसवलं. तिथंही त्यानं जमवून घेतलं. वायरी ओढल्या, पंखे झटकले, रुसलेली मशिनं चालू केली. पण आतून माणूस टाइपरायटरचाच राहिला. बोट दाबलं की अक्षर उमटलं पाहिजे. नाही उमटलं तर यंत्रात खोट, एवढंच त्याचं शास्त्र.

शुक्रवारी नव्या मॅडम त्याच्यासमोर कागद ठेवून म्हणाल्या, "काका, सोमवारपासून लिनक्सचा वर्ग आहे. सगळे नवशिके, काहीतरी बिघडवणारच. म्हणून प्रत्येक संगणकाच्या आत एक खोटा संगणक करून ठेवायचा. मोडला तर पुसायचा आणि दुसरा करायचा. एक तुम्ही तयार करा, बाकीच्या अकरांवर उद्या त्याची नक्कल टाकू. जमेल ना?"

"चहा गार व्हायच्या आत करतो," खटपट्या म्हणाला.

विंडोजच्या जागी संगणक चालवणारं हे लिनक्स कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. पण गेल्याच महिन्यात कार्यालयात कोणीतरी बोललं होतं की म्हाताऱ्याला आता सामानाच्या खोलीत बसवा, आणि ते त्याच्या कानापर्यंत आलं होतं.

सकाळ बरी गेली. कागदात बघत बघत त्यानं खोट्या संगणकाला नाव दिलं, थोडी मेमरी दिली, वीस जीबीची डिस्क दिली, लिनक्सची फाइल जोडली. मधेच माउसचा बाण त्या खिडकीत अडकला आणि काही केल्या बाहेर येईना. उजवीकडचं कंट्रोल बटण दाबायचं असतं हे कागदाच्या मागच्या बाजूला सापडलं तोवर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पुढं 'सगळी डिस्क पुसू का?' असा प्रश्न आला. ती आतली खोटी डिस्क आहे हे आठवून त्यानं 'हो' दाबलं. पासवर्ड दोनदा टाकला. प्रत्येक अक्षराला एक असे तारे उमटले. सगळं उतरायला वेळ होता, म्हणून तो डबा खायला गेला.

तेवढ्यात खोली झाडणाऱ्या मावशी येऊन बारा टेबलं आणि बारा कीबोर्ड पुसून गेल्या.

तो परतला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. नाव विचारलं. त्यानं टाकलं, उमटलं, एंटर दाबलं. पासवर्ड विचारला. त्यानं पहिलं अक्षर दाबलं. काही नाही. दुसरं, तिसरं. ना अक्षर, ना तारा. त्यानं बटणं जोरात ठोकली, कीबोर्ड उलटा करून झटकला. शेजारचा कीबोर्ड काढून लावला. त्याचंही तेच. नाव टाकताना धावतो आणि पासवर्डापाशी मरतो. तिसरा लावला, चौथा लावला. पासवर्डापुढं एंटर मात्र त्यानं एकदाही दाबलं नाही. ओळ कोरी असताना टाइपरायटरचा गाडा परत कशाला ढकलायचा?

दाराशी मॅडम डोकावल्या. "झालं का काका?"

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कसं होणार? कीबोर्ड ओले केलेत सगळे. सकाळी चालत होते, मावशींनी फडकं मारलं आणि बसले."

मॅडम त्याच पावली प्राचार्य बाईंकडे गेल्या. बाईंना सोमवारचं वर्गाचं उद्घाटन दिसत होतं. त्यांनी मावशींना बोलावलं, तेही कार्यालयात, चार माणसांसमोर.

"मी कोरडं फडकं वापरते, दादा," मावशी खटपट्याकडे बघून म्हणाल्या. "नऊ वर्षं वापरते."

"मग पाणी काय आभाळातून पडलं?" तो म्हणाला. कोणीतरी हसलं.

"तुम्ही पाहिलं का मला ओलं फडकं घेताना?"

त्यानं तोंड बाईंकडे वळवलं. बाईंनी कागद पुढं सरकवला. "लेखी द्या." त्यानं दिलं. चांगल्या, ठसठशीत अक्षरात दिलं. बाईंनी ठेकेदाराला फोन लावला आणि उद्यापासून दुसरी बाई पाठव म्हणाल्या. मावशींनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या.

शनिवारी मॅडम स्वतः बसल्या. नाव टाकलं. पासवर्डाला पडदा कोराच राहिला, पण त्यांची बोटं थांबली नाहीत. शेवटी एंटर. भराभरा ओळी आल्या आणि संगणक उघडला.

"चालतोय की," मॅडम म्हणाल्या.

"काही दिसत नव्हतं," खटपट्या म्हणाला. आवाज त्याला स्वतःला दुसऱ्याचा वाटला.

"इथं पासवर्ड दिसतच नाही, काका. तारेसुद्धा नाहीत. मागं उभ्या माणसाला तो किती अक्षरांचा आहे तेही कळू नये म्हणून. सगळे नवशिके फसतात." त्या हसल्या. "कीबोर्ड वाळले म्हणायचे."

बोलायची वेळ हीच होती. त्यानं मान हलवली आणि पुढचं मशीन चालू केलं. दिवसभर दोघांनी अकरा नकला टाकल्या. अकरा वेळा कोऱ्या पडद्यासमोर त्यानं तोच पासवर्ड टाकला, आणि अकरा वेळा दार निमूट उघडलं. प्रत्येक वेळी त्याला थोबाडीत बसल्यासारखं झालं. संध्याकाळी मॅडमनी बाईंसमोर त्याचं कौतुक केलं. ते ऐकताना पायाखालची फरशी दुभंगेल तर बरं असं त्याला झालं.

रविवारी ताटात वाढलेलं तसंच राहिलं, तेव्हा बायकोनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"एंटर दाबायला काय झालं होतं?"

"काही दिसत नव्हतं म्हणून."

"आणि तिच्या हातात ओलं फडकं दिसलं होतं?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"तेही नव्हतं दिसलं. तिथं मात्र लिहायला हात बरा चालला तुमचा."

दुपारी तो मावशींचं घर विचारत विचारत गेला. त्या दारातच बसून जुन्या चादरीला शिवण घालत होत्या. आत या म्हणाल्या नाहीत. त्यानं उभ्यानं सांगितलं. आधी लिनक्स समजावू लागला, तारे, कोरा पडदा, मागं उभा माणूस.

"ते राहू द्या, साहेब," मावशी म्हणाल्या. दादा गेला होता, साहेब आला होता. "मी पाणी मारलं की नाही?"

"नाही."

"हे इथं कोणी ऐकतंय का?"

रस्त्यावर एक कुत्रं तेवढं होतं.

"मला बोललात ते चार माणसांत. बाकीची वाट तुम्हाला ठाऊक आहे."

सोमवारी सकाळी हजेरीला सगळे अंगणात उभे होते. रखवालदार, शिपाई, झाडणाऱ्या बायका, कडेला बाई आणि मॅडम. खटपट्यानं मावशींना सोबत आणलं होतं. त्या फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. त्यानं रात्री पाठ केलेलं सगळं जिभेवरून पळालं.

"कीबोर्ड ओले नव्हते," तो म्हणाला. "मला मशीन कळलं नाही. ते लपवायला मी यांचं नाव घेतलं."

"म्हणजे पाणी तुमच्याच डोक्यात गेलं होतं," रखवालदार म्हणाला, आणि अख्खं अंगण हसलं. खटपट्याचे कान पेटले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्रारीचा कागद मागवला, त्याच्याच हातानं फाडायला लावला, आणि मावशींना किल्ली पुढं केली.

मावशींनी ती घेतली नाही. "कामावर येते बाई, पण मला कार्यालयाची बाजू द्या. त्या खोलीत नको. उद्या यांचा पंखा फिरला नाही तर तोही मीच पुसलेला असेल."

"मग ती खोली कोण झाडणार? ठेकेदाराची बाई अजून आलेली नाही, आणि वर्ग अकराला आहे."

खटपट्यानं हात पुढं केला आणि किल्ली घेतली. पाठोपाठ केरसुणीही घेतली.

त्यानं खोली झाडली, टेबलं पुसली. मग एकेक कीबोर्ड घेऊन बटणांच्या फटींतली धूळ काढत बसला. बारावा चालू असताना वर्गाला आलेली पहिली बाई दारात थांबली, आत जावं की नाही अशी.

"झाडणारे तुम्हीच का?" तिनं विचारलं. "इथल्या संगणकाच्या सरांना सांगाल का, मी लवकर आलेय म्हणून?"

"सांगतो," खटपट्या म्हणाला, आणि तिच्यासाठी खुर्ची पुसून बाजूला झाला.