ज्याचे वजन, त्याची भाकरी

८ नोव्हेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी, सावंतवाडीच्या एका दवाखान्यात बाळा केरकरने रक्ताच्या तपासण्या, कार्डिओग्राम आणि डॉक्टरांची फी मिळून एक हजार आठशे साठ रुपये भरले. एवढ्या पैशांत त्याला दोन शब्द मिळाले: पाव बंद.

बाळाचे आरोंद्याच्या तिठ्यावर पत्रे, पाइप आणि खिळे विकायचे दुकान. गिऱ्हाईक आले की तो बसल्या जागेवरूनच वस्तू कुठे आहे ते सांगे आणि गिऱ्हाईक ती काढून घेई. असे वीस वर्षे बसून त्याचे वजन शहाण्णव किलोवर गेले होते. सकाळी चण्याच्या उसळीबरोबर सहा कडक पाव आणि संध्याकाळी चहात बुडवून तीन, हा त्याचा नेम. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, नाहीतर पुढच्या खेपेला गोळ्यांची पिशवी घेऊन जावी लागेल. तांदळाची भाकरी खा, तीही मोजून.

घरी आल्यावर त्याने हे सगळे बायकोला, सुगंधाला, सांगितले. तिला मनापासून बरे वाटले. गेली दोन वर्षे ती तेच सांगत होती, फक्त फुकट.

पण बाळाला स्वतःचा भरवसा नव्हता. रोज पहाटे पाववाला स्कूटरवरून भोंगा वाजवत वाडीत शिरे, बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, लटकवलेल्या पिशवीत पाव टाकून पुढे जाई. तो भोंगा ऐकून आपण अंथरुणात पडून राहू, हे बाळाला खरे वाटेना. त्यासाठी त्याला कुणीतरी राखणदार हवा होता, आणि गावात देवाइतका जागता राखणदार दुसरा नाही. सोमवारी संध्याकाळी तो नारळ घेऊन देवळात गेला आणि त्याने मानकरी सत्यवान यांना गाऱ्हाणे घालायला सांगितले.

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून मोठ्याने मांडलेली विनवणी. मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा तो होकार पडला की ती सगळ्या गावाची सही समजायची. सत्यवान यांचा आवाज मोठा आणि त्यांना आखडते घ्यायची सवय नाही. बाळाने सांगितले होते की मी पाव खाणार नाही. सत्यवान यांनी ते असे मांडले, की ह्या लेकराचे वजन दहा किलो उतरेपर्यंत ह्याच्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाव येणार नाही. मंडपातून घसघशीत 'व्हय म्हाराजा' आला. खांबाशी उभा असलेला पाववालाही त्यात होता. सुगंधा बायकांच्या रांगेत होती. तिच्या तोंडून तो होकार आला नाही, पण पन्नास माणसांच्या होकारात एका बाईचे गप्प राहणे कुणाला ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला आणि न थांबता पुढे निघून गेला.

आता सुगंधाविषयी. ती बावन्न वर्षांची. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षे तिने शेत, गोठा आणि चूल केली, त्यात सांगण्यासारखे काही नाही असे तीच म्हणे. पण चार वर्षांपूर्वी वाडीतल्या आठ बायकांनी मिळून एक होडी घेतली आणि खाडीतल्या तिवरांमधून पर्यटकांना फिरवायचा धंदा सुरू केला. लोक हसले. बायका वल्ही मारणार आणि मुंबईचे लोक पैसे देऊन बसणार, हे कुणाला पटेना. सुगंधाचे माहेर खाडीकाठचे, वल्हे तिच्या हातात लहानपणापासूनचे. रोजच्या पहिल्या फेरीचे पुढचे वल्हे तिच्याकडे आले. ही फेरी सकाळी साडेसहाची. त्या वेळी खंड्या आणि बगळे काठावर असतात, पाणी स्थिर असते आणि फेरीला मागणीही जास्त. साठी उलटलेली जानकी होडीची तांडेल, म्हणजे होडीवरचा शेवटचा शब्द तिचा.

खाडीच्या मध्यावर होडी आली की सुगंधा वल्हे उचलून धरी आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगे. पुण्याचे साहेब, त्यांच्या बायका, मोबाइल घेतलेली मुले, सगळी गप्प बसत. तिच्या सांगण्यावरून कुणी गप्प बसते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते ह्या होडीत.

आणि हे सगळे उभे होते ते पावावर. उसळ रात्री शिजवलेली असे. पहाटे पाव आले की बाळाचे आणि मुलाचे, देवेशचे, सकाळचे भागे. देवेश रोज मोटारसायकलने गोव्यात कारखान्यात कामाला जाई. त्याच्या डब्यातही पावच असत. सुगंधा चहा ठेवून सहाला घराबाहेर पडे.

पाव बंद झाल्यावर उकड आली, मळणे आले, थापणे आले. दोन पुरुषांच्या न्याहारीच्या भाकऱ्या, डब्याच्या भाकऱ्या, शिवाय भाकरीबरोबर उसळ एकटी चालत नाही म्हणून वर चटणी. मंगळवारी ती साडेचारला उठली, तरी धक्क्यावर पोचली तेव्हा होडी सुटून गेली होती. बुधवारी आणखी लवकर उठली, तर लाकडे ओली निघाली. गुरुवारी बाळाला भाकरी कडक लागली आणि त्याने दुसरी मागितली. तिन्ही दिवस तिच्या जागी दीपिका बसली. दीपिका तरुण, हाताची चपळ, आणि पुढचे वल्हे मिळावे म्हणून कधीची टपलेली. त्यात तिची काही चूक नव्हती.

शुक्रवारीही तसेच झाले तेव्हा संध्याकाळी जानकीने तिला धक्क्यावरच गाठले. जानकीला गोड बोलता येत नाही.

"गो सुगंधा, सुकती तुझ्या तव्यासाठी थांबाची नाय," ओहोटीच्या पाण्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "सोमारपर्यंत दीपिका बसतली. मंगळवारी वेळार इलंस तर इलंस. नायतर वल्हा दीपिकाक देवचा लागतला. मगे माझ्याकडे रडत येव नको."

रडण्याचा प्रश्न नव्हता. सुगंधा घरी गेली, हातपाय धुतले आणि बाळाला म्हणाली, मंगळवारपासून भाकरी तुमची तुम्ही करा.

बाळाला आधी ते चेष्टेचे वाटले. मग तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. वजन काय त्याने हौसेने वाढवले होते? आजार घरात आला की सगळ्या घराने थोडे सोसायचे असते. होडी काय, पुढल्या वर्षीही असेल. सुगंधाने विचारले, मग दुकान तासभर उशिरा उघडले तर ते पुढल्या वर्षी नसेल काय? तेव्हा त्याने आपला हुकमी पत्ता काढला.

"देवाक शब्द दिलेलो आसा. तो मोडूचो काय?"

"मोडा कोण म्हणता? शब्द तुमी दिलात, आणि फेडूचो मी?"

"मगे देवाकच जावन इचार," बाळा हसून म्हणाला आणि पेपर उघडला.

देवेश जेवत होता. आईचा चेहरा त्याने पाहिला असावा, कारण उठताना तो बापाला हळूच म्हणाला, "बाबा, ह्या तुमी बोलूक नको होतात."

सोमवारी संध्याकाळी सुगंधा देवळात गेली. समोर नारळ ठेवला आणि सत्यवान यांना म्हणाली, गाऱ्हाणे घालायचे आहे. बायकांची गाऱ्हाणी गावाला नवीन नाहीत. मुलाची नोकरी, सुनेचे बाळंतपण, म्हशीचे दूध, सगळ्यासाठी घातली जातात. सत्यवान पुढे झाले, काय मागायचे ते त्यांनी विचारले आणि ऐकून मागे सरकले. बाळाही मंडपात होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, खाकरले आणि म्हणाले की अशा घरातल्या गोष्टी घरात मिटवाव्या, त्यात देवाला घालू नये.

सुगंधाने आवाज चढवला नाही. ती होडीत बोलत असे तशीच बोलली. "गेल्या सोमारी पाव तुमका घरातलो दिसलो नाय. आज भाकरी मात्र घरातली झाली?"

मागे कुणीतरी हसले. सत्यवान यांनी अडवायला नियम शोधून पाहिला. बायकांनी आपले आपण गाऱ्हाणे घालू नये असा नियम काही नव्हता. कुणी घातले नव्हते एवढेच. सुगंधाने पदर सारखा केला, हात जोडले आणि स्वतःच सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, गेल्या सोमारी ह्या घरकारान तुझ्यासमोर पाव बंद केल्यान. बरा केल्यान. उंबऱ्यात पाव येवचो नाय, ता मी पाळतलंय. पण ज्येचा वजन, तेची भाकरी. तेना ती आपल्या हातान थापूची आणि आपल्या हातान भाजूची. माझा वल्हा माझ्या हातात रवांदे. ह्या तुका पटता तर तुझ्या लेकरांच्या तोंडातसून सांग, म्हाराजा."

मंडपात आवाज उठला नाही. समईच्या वाती सारख्या करणारा गुरवही तसाच थांबला. बाळा खाली फरशीकडे बघत होता, जणू कुणाचा तरी खिळा तिथे पडला आहे. सुगंधाचे हात जोडलेलेच होते. होकार आला नाही तर उद्या साडेचारला उठायचे आणि वल्हे सोडायचे, हे तिला माहीत होते. गाव जे म्हणत नाही ते एकट्या बाईच्या म्हणण्याने होत नाही. पण ती खाली बसली नाही.

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. ती देवळात क्वचित येते, आणि आली की तोंडात पान असते. त्या दिवशीही होते.

मग बायकांची सगळी रांग म्हणाली, त्यात दीपिकाचाही आवाज होता. आपल्या तोंडातला घास आपणच देऊन टाकतो आहोत हे तिला कळत होते, तरी ती म्हणाली. पुरुषांच्या बाजूने आधी पाववाला म्हणाला. त्याचे आधीच रोजचे बारा पाव गेले होते, आता आणखी जाण्यासारखे काही नव्हते. त्याच्यामागून बाकीचे आले. सर्वांत शेवटी सत्यवान म्हणाले, पण मोठ्याने, कारण हळू बोलणे त्यांना येत नाही.

बाळाने तोंड उघडले नाही. पण एकाच्या गप्प राहण्याने गाऱ्हाणे अडत नाही. गावाची रीतच तशी आहे, आणि आठ दिवसांपूर्वी तिचा फायदा त्यानेच घेतला होता.

मंगळवारी सुगंधा साडेपाचला उठली. तिने फक्त पिठाचा डबा कुठे आहे ते बाळाला दाखवले, उकडीला पाणी किती ते एकदा सांगितले आणि चहा पिऊन निघाली. तिच्या पाठीमागे परातीत काहीतरी आदळले. ती वळली नाही. धक्क्यावर दीपिका आधीच उभी होती. तिने पुढचे वल्हे उचलून सुगंधाच्या हातात दिले आणि स्वतः मागे जाऊन बसली.

बाळाची पहिली भाकरी तव्यावरून निघाली ती तुकड्यांनीच. दुसरी निघालीच नाही. देवेश उपाशी गोव्याला गेला आणि तिथे पाव खाल्ला. गोव्याच्या पावाला हे गाऱ्हाणे लागू होत नाही, असे त्याने स्वतःपुरते ठरवून टाकले. आठवडाभर बाळा तिठ्यावर कुणाशी धड बोलला नाही. गिऱ्हाईक विचारी, आज भाकरी गोल झाली काय, आणि तो चुकीच्या मापाचे खिळे दाखवी. मग बोटे भाजता भाजता त्याला अंदाज येऊ लागला. आपल्या हातची भाकरी दोनच्या वर खाववत नाही, हेही त्याला कळले. जानेवारीच्या अखेरीस काटा नव्वदवर आला. डॉक्टर खूश झाले आणि काय केले म्हणून विचारले. बाळा म्हणाला, चालतो. बाहेर बसलेल्या सुगंधाला ते ऐकू आले. आत जाऊन ते खोडून काढावे असे तिला वाटले नाही.

भाकरीला तिने पुन्हा हात लावला नाही. पाहुणे आले तरी नाही. लोक काय म्हणतील असे नणंदेने विचारले तेव्हा तिने सांगितले की लोक 'व्हय म्हाराजा' म्हणाले आहेत.

गाऱ्हाणे घातले त्या सोमवारी ती धक्क्यावरून तशीच देवळात गेली होती, जवळ पैसे नव्हते. तिने देवापुढे ठेवलेला नारळ देवळाशेजारच्या दुकानातून उधार घेतलेला होता. बाळाचे दोन शब्द एक हजार आठशे साठ रुपयांना पडले होते; तिच्या चार शब्दांना लागलेल्या ह्या नारळाचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.