पस्तीस हजारांची शपथ

सुएझच्या अरबईन भागात बस्तावीला लहानथोर सगळे हाजी म्हणतात. हजला तो कधी गेलेला नव्हता. आमच्याकडे केस पिकले की लोक माणसाला हाजी करून टाकतात, मक्केपर्यंत जायची गरजच पडत नाही. पण बस्तावीला ती हाक टोचायची. भाजीवाल्याने "या हाजी, बसा हाजी" केलं की हा गडी टोमॅटोच्या ढिगात मान घालून उभा राहायचा.

तो पाणबुड्या. लढाया संपल्यावर कालव्याच्या तळाशी पडलेली जहाजं आणि लोखंड उपसायला देशोदेशीचे लोक आले, तेव्हा हा बावीस वर्षांचा होता आणि त्यांच्याबरोबर खाली उतरत होता. पाणी कसलं, नुसता गाळ. स्वतःचा हात दिसायचा नाही. एकदा एका परदेशी पाणबुड्याचा पाय बुडालेल्या बोटीच्या तारेत अडकला. हवा संपत आली होती. बस्तावीने चाचपडत जाऊन तार कापली आणि त्याला वर आणलं. त्या माणसाने आधी ओकाऱ्या काढल्या, मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बस्तावीच्या मनगटाला बांधलं. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तरी याला काय डोंबल कळणार होतं!

घड्याळ स्विस, पोलादी, पाण्यात उतरायचं. पस्तीस वर्षं ते त्याच्या हातावर राहिलं. काच ओरखड्यांनी भरली, आतले पांढरे ठिपके हळदीच्या रंगाचे झाले, कडा झिजून गुळगुळीत झाल्या. त्याला मोल आहे हे बस्तावीला अगदी अलीकडे कळलं. बंदरावरच्या एका ओळखीच्याने मोबाईलवर फोटो काढून नेला आणि आठवडाभरात थेट कैरोहून फोन आला.

आता माणसाचा दोषही सांगायला हवा. बस्तावीचं मन लोण्याचं, पण जिभेला हाड नाही. आमच्याकडे पुष्कळ पुरुषांना ही खोड आहे. पाहुणा जेवायला नको म्हणाला, की "माझ्यावर तलाक, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही!" चहाचे पैसे दुसरा द्यायला लागला, की "माझ्यावर तलाक, पैसे मीच देणार!" म्हणजे शब्द मोडला तर बायकोला तलाक. बायको बिचारी घरी कांदा चिरत असते, आणि तिकडे चहाच्या टपरीवर तिचा संसार टांगणीला लागलेला असतो! कायदा असल्या शपथेला विचारत नाही म्हणतात. पण बस्तावीची बायको इन्शिराह कायद्याला विचारत नव्हती. ती मशिदीच्या शेखना विचारत होती, आणि शेखनी दोन तलाक मोजले होते.

पहिला मेहुण्यामुळे. अख्खं बदक तू एकट्याने संपवलंच पाहिजेस, अशी शपथ याने घातली. मेहुणा अर्ध्यावर आडवा झाला. दुसरा शेजाऱ्यामुळे. तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असं भांडणात म्हणाला आणि पंधरा दिवसांनी त्या शेजाऱ्याचा बाप गेला. मयताच्या घरी जायचं नाही असं कसं होईल? बस्तावी गेला. दोन्ही वेळा शेखनी झाडलं, दोन्ही वेळा इन्शिराह परत आली. दुसऱ्या वेळी शेख म्हणाले, "बस्तावी, दोन संपले. तिसऱ्यानंतर बायको परत मिळत नाही, माझ्याकडे येऊ नकोस. माझ्या हातात काही राहणार नाही."

त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं बस्तावीने जीभ दाताखाली धरली.

अकरा वर्षं दोघं हजचा अर्ज भरत होते. यंदा सोडतीत नाव निघालं, नवरा-बायको म्हणून एकत्र. इन्शिराहने बांगड्या मोडल्या, त्याने साठवलेलं सगळं काढलं, तरी तीस हजार पौंड कमी पडत होते. भरायची शेवटची तारीख गुरुवार. आणि बुधवारी दुपारी कैरोहून तो फोन करणारा वजीह आला.

वजीह इंजिनियर, चाळिशीचा, मऊ बोलणारा. जुनी घड्याळं जमवायचा नाद. टेबलावर कापड अंथरून त्याने घड्याळ ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडायची परवानगी मागितली. बस्तावी खुर्ची पुढे ओढून बसला. पस्तीस वर्षांत त्याने ते झाकण उघडलेलं पाहिलं नव्हतं. आत काय निघेल कोण जाणे! घड्याळ खोटं निघालं तर उद्या काय भरायचं? स्वयंपाकघरात इन्शिराह मासे साफ करत होती, नळ चालू होता.

"आतलं सगळं मूळचं आहे," वजीह म्हणाला.

बस्तावीने श्वास सोडला. "मग? मी काय सांगत होतो!"

"काच, काटे, सगळं मूळचं. झीज तर फारच सुंदर आहे. पण हाजी, काचेभोवतीचं हे फिरतं कडं मूळचं नाही."

"नाही. मूळचं एका टगबोटीच्या पोटात पडलंय, जा आण. दुसऱ्या दिवशी मला परत उतरायचं होतं. उतरताना कडं फिरवून खूण लावतात, नाहीतर खाली किती मिनिटं झाली हे कळायचं कसं? लेथवाल्या फरगलीच्या उरावर बसून पितळेचं करून घेतलं. ते कडं होतं म्हणून आज तुझ्यासमोर बसलोय."

"मान्य आहे. पण बाजारात त्याला डागच म्हणतात. मी अठ्ठावीस देईन."

"डाग?" बस्तावीच्या मानेची शीर तटतटली. "माझ्या कड्याला डाग म्हणतोस? हे घड्याळ जिथे गेलंय तिथे तुझा बाप तरी गेला होता का? माझ्यावर तलाक, पस्तीस हजारांच्या खाली हे घड्याळ मी विकलं तर!"

बोलून गेला आणि तोंड उघडंच राहिलं. आत नळाचा आवाज थांबला होता.

"शपथा कशाला हाजी," वजीह हसला. कैरोच्या माणसाला त्यात काय वाटणार! तो एकेक हजार वर चढला. एकोणतीस. तीस. शेवटी त्याने पाकीट उघडून टेबलावर रिकामं केलं. "एकतीस. परतीच्या पेट्रोलपुरते ठेवलेत. याच्या वर खरंच नाहीत."

तीस हवे होते, एकतीस समोर पडले होते. आणि बस्तावीला हात लावता येत नव्हता. लावला तर बायको जाईल, न लावला तर हज जाईल. बायको गेली तर परक्या बाईला घेऊन हा कुठल्या हजला जाणार होता? दोन्हीकडून मेलाच तो.

"पस्तीस कर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"नाहीत हो हाजी. असते तर तुमच्याकडून ऐकून घेतलं नसतं." वजीहने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आवाज खाली आणला. "असं करू या का? कागदावर पस्तीस लिहू. घ्या एकतीस. कुणाला कळतंय?"

बस्तावीने दाराकडे पाहिलं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. त्याला लाज वाटली, खरंच वाटली. तरी त्याने मान हलवली. वजीहने पेन काढलं.

"लिहा ना," दारातून इन्शिराह म्हणाली. हातांवर माशाचे खवले चिकटलेले. "मोठ्या अक्षरात लिहा. वर जो बसलाय त्याला चष्मा लागत नाही."

"इन्शिराह, तू ऐकलंस..."

"तू पाहुण्यांसमोर आवाज चढवलास की मी नळ बंद करते. सवय आहे मला. उद्या किती भरायचेत?"

"तीस."

"समोर किती आहेत?"

"एकतीस."

"मग पस्तीस कुठून आले?"

वजीह उठायला लागला. "बस रे बाबा तू," ती म्हणाली, तसा तो परत बसला.

"तो तुझ्या कड्याला डाग म्हणाला," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तू मला तागडीत टाकलंस. नऊ वर्षं मला वाटत होतं, हा माणूस सुधारला." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बस्तावीला ऐकवत नव्हतं. "आता ऐक. तू घड्याळ विकायचं नाहीस. मला देऊन टाक. बक्षीस. माझं झालं की त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. मी काही शपथ घेतलेली नाही."

बस्तावीचा चेहरा उजळला. "हां! बघ वजीह, डोकं बघ आमच्या हिचं! घे, घे, दिलं."

"असं नाही," ती म्हणाली. "नाटक करायचं असेल तर नको. मनापासून द्यायचं. दिलंस की ते माझं. मी विकीन, हातावर बांधीन, नाहीतर खाडीत फेकून देईन. तू तोंड उघडायचं नाहीस. जमेल?"

आता मात्र तो थांबला. घड्याळ मुठीत होतं. तिने खरंच ठेवून घेतलं तर? उद्याची बँकेची खिडकी, अकरा वर्षांचे अर्ज, सगळं या बाईच्या रागावर सोपवायचं होतं. आणि तिचा राग रास्त होता, हेच तर दुखणं. मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा उमटलेला, त्याकडे तो बघत राहिला.

"दिलं," बस्तावी अखेर म्हणाला. "मनापासून. वजीह, तू साक्षीदार."

इन्शिराहने हात झग्याला पुसले, घड्याळ घेतलं, कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिली. बस्तावीला वाटलं, संपलं, ही आता देत नाही.

"तीस," ती म्हणाली.

"मावशी, मी एकतीस म्हटलं होतं," वजीह गोंधळून म्हणाला.

"ऐकलंय मी. तीसला घेणार असशील तर घे. वरचे हजार उचल."

"अगं वेडी झालीस का!" बस्तावी ओरडला. "तो देतोय! आपणहून देतोय!"

"तोंड उघडायचं नाही असं ठरलंय." तिने एकेक नोट वेगळी करून हजार पौंड वजीहपुढे सरकवले. "हजला जायला मला तीस लागतात. त्याच्या वरच्या पैशांसाठी हा मला घराबाहेर काढायला निघाला होता. ते पैसे मला या घरात नकोत. त्यातला एक पौंडही नको."

वजीहने हजार उचलले. त्याचे कान लाल झाले होते. घड्याळ कापडात गुंडाळून तो गेला, जेवायला थांबला नाही, आणि थांब असं त्याला कुणी म्हटलंही नाही.

इन्शिराहने मासे तळले, नवऱ्याला वाढलं, समोर बसून जेवली. बस्तावीने दोनदा "माझं चुकलं" म्हटलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "सकाळी लवकर जा, गर्दी असते."

गुरुवारी सकाळी तो बँकेच्या रांगेत दीड तास उभा राहिला. दर थोड्या वेळाने मनगट वर करून बघायचा आणि हात खाली घ्यायचा. खिडकीतल्या पोराने पैसे मोजले, अर्ज पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "हाजी, सोबतच्या बाई कोण तुमच्या?"

बस्तावीने रिकामं मनगट चोळलं. मागचा माणूस पुढे सरकायला लागला.

"बायको," तो म्हणाला. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाला, "माझीच."