वाढत्या अंगाची रायफल

नातीला रायफल घ्यायला आम्ही चौघं गेलो आणि मोठ्या तिघांनी मिळून चुकीची घेतली. नातीला कुणी विचारलंच नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून मी सांगते आणि सून लिहून घेते. हे ऐकून ती आत्ता हसली, पण लिहिलं.

रायफल म्हणजे खरी नव्हे. खरी बंदूक इथं जपानात अशी कुणाच्या हाताला लागत नाही. ही छऱ्याची, वाटाण्याहून बारीक प्लास्टिकचे गोळे उडवणारी. लेकरांसाठी कमी जोराची वेगळी असते. पण दिसायला हुबेहूब, त्यामुळं रस्त्यानं, रेल्वेत न्यायची तर पिशवीत बंद करूनच. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुलाला म्हणलं, पोरीला काय पलटणीत घालतोस का?

मुलगा इथं एदोगावा भागात राहतो, कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. मी येऊन-जाऊन असते. व्हिसा संपला की गावी, मिळाला की परत. नात अकरा वर्षांची. लई मुकी पोर. म्हणजे बोलता येत नाही असं नाही. मराठी कळतं, उत्तर जपानीत देते, तेही एका शब्दात. शाळेतून आली की दप्तर ठेवायचं आणि खिडकीशी बसायचं. सून काळजीत असायची.

मग वर्गातली एक मुलगी तिला त्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेली. एका मोठ्या हॉलमध्ये लाकडी आडोसे उभे केलेले असतात, त्यांच्या पलीकडं गोल पत्रे. यंत्राचा आवाज झाला की पळायचं, आडोशाशी थांबायचं, दिसतील तेवढे पत्रे पाडायचे, पुढच्या आडोशाला पळायचं. कमी वेळात ज्याचे सगळे पडले तो वर. तिथून आली की नात बोलायची. जेवताना हाताचा आडोसा करून दाखवायची, वाटीवर नेम धरायची. सून तिला रागवायची आणि मागं वळून डोळे पुसायची. घरात आवाज आला होता, म्हणून आम्हाला ती बंदूक मोलाची.

क्लबातल्या बंदुका सगळ्यांच्यात फिरायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, सामन्याला उतरायचं तर स्वतःची आणा, तिच्याच हाताला सवय होऊ द्या. म्हणून आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार म्हाताराच, माझ्या वयाचा. त्यानं कापड अंथरून त्यावर एकेक ठेवली. मुलानं मोबाइलात वाचून ठेवलं होतं की लांब नळीची सरळ मारते. सुनेला काळी पाहिजे होती, खेळण्यासारखी दिसू नये म्हणून. आणि मी म्हणलं, वाढत्या अंगाची घ्या. पोर उद्या ताडासारखी वाढेल, मग काय दरवर्षी नवी?

त्यावर कुणाचं दुमत झालं नाही. आमच्यात लेकराला मापाची वस्तू कधी घेतलीच नाही. माझ्या लग्नातली चोळी दंडाला दुमडून शिवलेली. चपला थोरल्या भावाच्या, पुढं चिंध्या कोंबून. सून पुण्याची, कॉलेज शिकलेली, तर तिच्याही शाळेच्या स्कर्टला खाली चांगली वीतभर दुमड, दरसाल थोडी उसवायची. मुलाचं तर मला ठाऊकच आहे.

दुकानदार काहीतरी बोलला, एक आखूड बंदूक पुढं सरकवली. मुलानं मान हलवून नको म्हणलं. नातीनं लांब बंदूक उचलली, खाली ठेवली, हळूच काहीतरी बोलली. मुलगा म्हणाला, "होईल सवय." तेवढंच मला कळलं.

पहिल्या सामन्याला मीही गेले. मला डोळ्यांना लावायला मोठा चष्मा दिला आणि काचेमागं बसवलं. माझ्या नातीचा नंबर आला, आवाज झाला. ती पळाली चांगली. पण आडोशाशी थांबून बंदूक वर घ्यायला गेली की मागचा दस्ता काखेत अडकायचा. तो सोडवून खांद्याला लावला की नळी खाली झुकायची. मग ती कंबरेतून मागं वाकायची, वजन तोलायला. बोट चापापर्यंत पुरेना, आणि नेम बघायला मान पुढं ताणायची. तोवर दुसऱ्या पोरांचे पत्रे वाजून खाली. ती शेवटून पहिली आली. रडली नाही. वाकून नमस्कार करतात तसा तिनं सगळ्यांना केला, आणि पिशवीची चेन लावली.

घरी येऊन पिशवी भिंतीतल्या कपाटात, गाद्यांच्या मागं गेली. पुढच्या आठवड्यात क्लबाची वेळ झाली तर म्हणाली, पोट दुखतंय. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोटाचं कारणही दिलं नाही. नुसतं नको. मुलगा चिडला. एवढी मोठी घेतली ती काय गाद्यांमागं ठेवायला? घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. खिडकी आणि पोर.

मी दोन-चार दिवस बघितलं. एका दुपारी ती शाळेतून आली तेव्हा मीच पिशवी ओढून बाहेर काढली. म्हणलं, मला दाखव कशी धरतात. तिला वाटलं आजीला गंमत बघायचीय. तिनं छर्रे काढून टाकले, चाप तपासला, नळी जमिनीकडं, सगळं शिकवल्याप्रमाणं. मग खांद्याला लावली. कोपर कानापर्यंत वर, कंबर मागं, मान पुढं.

हे मी पाहिलेलं होतं. पाहिलेलं म्हणजे, माझ्याच अंगानं केलेलं.

आमचं बिऱ्हाड दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं. फडात पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची झोपडी, थंडीत पहाटे उठून तोडायला लागायचं. मी हिच्याएवढी असताना बापानं माझ्या हातात कोयता दिला, त्याचाच जुना. मोठा दांडा, मोठं पातं. म्हणाला, वाढत्या अंगाला बरा. मी तो उचलायची तर कोपर वर जायचं आणि कंबर मागं. मनगट सुजून भाकरी मोडता येईना. डाव्या पायाला पातं लागलं, ती खूण अजून आहे. त्याला इलाज नव्हता, सगळ्यांच्याच पोरी तोडायच्या. पण आईनं एके दिवशी दगडावर ठेवून दांडा तोडला, आखूड केला, वर चिंधी गुंडाळली. पातं हलकं व्हावं म्हणून त्याची पाठ लोहाराकडून उतरवून घेतली. बाप लई बोलला. मोठी झाल्यावर काय करशील, म्हणाला.

आई म्हणाली, "मोठी झाल्यावर दुसरा बघू. ऊस आज तोडायचाय."

हे मी नातीला सांगितलं, पायावरची खूण दाखवली. तिनं बोट लावून बघितली. मग बंदुकीकडं बघत, मराठीत म्हणाली, "आजी, मग ही कापायची का? बाबा ओरडतील."

मला हसू आवरेना. तीही हसली. म्हणलं, कापायला नको बाई, दुकान आहे.

मुलगा घरी आला तेव्हा मी जेवताना विषय काढला. दुकानात जुनी घेतात, बदलून आणू. तो म्हणाला, "आई, तूच म्हणालीस वाढत्या अंगाची."

म्हणलं, "म्हणाले होते. आता दुसरं म्हणते. तुझी कंपनी रोज आपलं सांगणं बदलते, तेव्हा तू ऐकतोस ना?"

सून ताटात बघत हसली. आणि रविवारी तो निघाला.

या खेपेला मी नातीला पुढं केलं आणि आम्ही मोठे मागं उभे राहिलो. दुकानदार तिच्याशीच बोलला. तिनं वळून मला मराठीत सांगितलं, "आजी, ते म्हणतात डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. समोर माशी सरळ दिसली तर ती तुझी." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा. आधी त्यानं दस्ता तिच्या कोपराच्या घडीत ठेवून बघितला, बोट चापावर येतं का. पहिलीला नाही आलं. दुसरीला आलं, पण डोळे उघडल्यावर तिनं मान हलवली. तिसरीला डोळे उघडून तशीच उभी राहिली. कोपर खाली, पाठ सरळ.

ती तीच आखूड बंदूक, जी त्यानं पहिल्या दिवशी पुढं सरकवली होती. मातकट रंगाची, मला तर खराट्याच्या दांड्यासारखी वाटली. मुलानं काही म्हणायला तोंड उघडलं, तर सुनेनं त्याची बाही धरली.

मग दुकानदारानं दस्त्याखालचा खटका दाबून दस्ता बाहेर ओढला. टक, टक, टक. एकेका खाचेनं बंदूक लांब होत गेली. पुन्हा ढकलून आत केली. मुलगा कपाळाला हात लावून हसला. "हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." वाढत्या अंगाचीच निघाली की ती. फक्त आज मापाची होती.

पुढच्या सामन्यात ती काही पहिली आली नाही. मधे कुठंतरी आली. पण आवाज झाल्यावर पळाली, थांबली, आणि बंदूक वर गेली ती एकदम, पदर खांद्यावर जावा तशी. सगळे पत्रे पाडले. एक चुकला, तो वळून परत पाडला. काचेजवळ येऊन मला म्हणाली, "आजी, पाहिलंस?" आणि मग घरी पोहोचेपर्यंत रेल्वेत, सायकलींच्या रांगेजवळ, लिफ्टमध्ये, सगळा वेळ त्या चुकलेल्या पत्र्याचंच सांगत होती. अर्धं जपानीत. मी हूं हूं करत होते.

त्यानंतर मी गावी गेले आणि आता पुन्हा आलेय. नात माझ्या खांद्याला लागलीय. परवा ती बंदूक पुसत बसली होती, तर पाहिलं, दस्ता एक खाच बाहेर आहे. कुणी काढला, विचारलं. म्हणाली, मीच, खांद्याला आखूड पडत होता.

काल मी आणि सून तिला शाळेचे बूट घ्यायला गेलो होतो. ते मात्र आम्ही एक नंबर मोठेच घेतले. पुढं कापूस घातलाय.